डायनिंग टेबल बोटीत बसवताना

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक मावशींचा फोन आला तेव्हा मी एका बोटीच्या पोटात उताणा पडून स्क्रू पिळत होतो. मावशी म्हणाल्या, "या वर्षी कामाचे अनुभव मागवलेत. आयटीवाल्यांचे अकरा आलेत, अकराही जणांची रात्रीची मीटिंग. तू निदान हातानं काहीतरी करतोस."

मी म्हटलं, "मावशी, मला लिहिता येत नाही. मला नकला येतात."

"मग नकला लिही. फक्त शिव्या नकोत."

म्हणजे आमचा मालक हँक अर्धा कापला गेला. उरलेला देतो.

मी पाचोऱ्याचा. वडील सुतार, मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. बायको स्नेहल हुशार निघाली, तिला अमेरिकेत डेट्रॉइटजवळ नोव्हायमध्ये गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागली, आणि मी दोन बॅगा अन् एक कुकर यांच्यासोबत सामान म्हणून आलो. वर्क परमिट हातात पडेपर्यंत घरी बसून यूट्यूबवर लोक लाकूड कापताना बघायचो. शेवटी स्नेहल म्हणाली, "जा यार, खरं लाकूड काप." लेक सेंट क्लेअरच्या काठावर हँकचं बोटयार्ड आहे. तिथं गेलो. हँकनं विचारलं, काय येतं? मी एक फळी रंधून दाखवली. त्यानं तिच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हं." हँक दिवसाला साधारण वीस शब्द बोलतो, त्यातले बारा संपादक मावशींना चालणार नाहीत.

मंडळाच्या गणपतीत मला कुणी विचारतं, "काय करतोस?" मी म्हणतो, बोटीत बसायची सोय करतो. "म्हणजे क्रूझचं बुकिंग?" नाही हो काका. नीट सांगतो.

शिडाच्या बोटीला मागच्या बाजूला एक उघडा हौद असतो. त्याला कॉकपिट म्हणतात, पण विमानासारखं त्यात काही नसतं. आपल्याकडच्या काळी-पिवळी जीपला मागं समोरासमोर बाक असायचे ना, अगदी तसंच. इकडं एक बाक, तिकडं एक बाक, मधे पाय ठेवायचा खड्डा, आणि खड्ड्याच्या मागच्या टोकाला सुकाणूचा दांडा. फरक एवढाच, की जीपमध्ये सोळा माणसं बसायची आणि इथं चार जण बसले तरी "किती गर्दी झाली" म्हणतात. आता या हौदात पाणी येतं, पाऊस येतो, बदकं येतात. तळाच्या झाकणाखाली इंजिन असतं, बाकांखाली सामानाच्या पेट्या असतात. म्हणून वरचं लाकूड पक्कं ठोकून चालत नाही. ते उचलून बाजूला ठेवता आलं पाहिजे. बसल्यावर हलू नये आणि हवं तेव्हा हातात यावं. थोडक्यात जावयासारखं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एक जोडपं आलं, त्यांना लॅब्राडॉरसाठी सीट हवी होती. कुत्रं मापाला उभं राहीना. टेप दिसली की खेळणं समजून पळवायचं. शेवटी मी नवऱ्याला हातापायांवर उभं करून माप घेतलं. बायको म्हणाली, साधारण हाच साइझ आहे. ती सीट उत्तम बसली. कुत्रा तिच्यावर बसत नाही, नवरा झोपतो.

पण मला सांगायचंय ते टेंबे काकांच्या बोटीचं. कारण ते काम मी एकट्यानं केलं, आणि मीच फोडलं.

टेंबे काका म्हणजे रिटायर्ड भूलतज्ज्ञ. चाळीस वर्षं डेट्रॉइटमध्ये लोकांना झोपवलं, त्यामुळं आवाज असा, की नुसतं "काय रे, कसा आहेस?" म्हणाले तरी जांभई येते. मी त्यांची नक्कल गणपतीत केली होती: "आता रिलॅक्स... खोल श्वास घ्या... दहापासून उलटं मोजा..." पहिल्या रांगेतली दोन पोरं खरंच पेंगली. काका मागून येऊन म्हणाले, "छान करतोस. तू बोटीवर काम करतोस म्हणे?"

काकांची बोट वीस वर्षांची, सत्तावीस फुटी. काकांचा जीव तिच्यात. पण काकूंचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरनं सांगितलं होतं, खोलगट जागी बसायचं नाही, पाय लांब पसरायला जागा हवी. बोटीतला बाक खोलगटच. दोन उन्हाळे काकू आल्या नाहीत, म्हणून काकाही गेले नाहीत. बॉस्टनची मुलगी म्हणाली, बाबा, विकून टाका. काका म्हणाले, ठीक आहे.

"पण एक चान्स घेऊ या," त्यांनी मला सांगितलं, त्याच झोपवणाऱ्या आवाजात. "तू मधल्या खड्ड्यावर फळी बसव. दोन बाक आणि फळी मिळून दिवाण होईल. ती पाय पसरून बसेल. तिला बरं वाटलं तर बोट राहील. नाही वाटलं तर बोर्ड लावू फॉर सेलचा."

म्हणजे एका फळीवर अख्खी बोट. मी म्हटलं, काका, सोडा माझ्यावर.

लाकूड काकांनीच आणलं. कारच्या टपावर बांधून. ओकचं जुनं डायनिंग टेबल, वरचा भाग एकसंध, चांगला जाड. "बेसमेंटमध्ये पडून होतं. टाकवत नाही." आपल्या लोकांचं हे असतंच. टेबल टाकायचं नाही, दही संपलेला डबा टाकायचा नाही. मी विचारलं, "काकूंना माहितीय?" काका म्हणाले, "सरप्राइज आहे." इथंच मला कळायला हवं होतं.

हँकनं टेबलाकडं बघितलं, टकटक केलं, आणि त्या दिवसाचे सगळे शब्द एकदम खर्च केले. म्हणाला, हे लाकूड चाळीस वर्षं हीटरच्या हवेत वाळलंय. पाण्याजवळ गेलं की रुंदीत फुगेल. एकसंध ठेवू नको. पट्ट्या काप, दोन पट्ट्यांमधे नाण्याच्या जाडीची फट ठेव, कडेनंही सोड.

हँक गेला आणि मी लगेच त्याची नक्कल केली. यार्डातले सगळे हसून लोळले. खांदा वाकडा, तोंडात नसलेली सिगार, "नाण्याएवढी फट". हुबेहूब. आता लक्षात येतं, मी त्याचा आवाज उचलला, सल्ला तिथंच ठेवला.

कारण माझ्या डोक्यात आमचे दादा बसले होते, म्हणजे वडील. ते म्हणायचे, "जोडात पोस्टकार्ड शिरलं तर ते सुतारकाम नाही भो, तो कोंबड्यांचा खुराडा." लहानपणी माझ्या स्टुलाच्या जोडात त्यांनी खरंच पोस्टकार्ड घालून दाखवलं होतं, आणि वर विचारलं होतं, "कोणाला पत्र टाकतोस?" तेव्हापासून फट दिसली की मला लाज वाटते. मी टेबल कापलं, रंधलं, आरशासारखं पॉलिश केलं. एक काळा डाग तेवढा खोल गेलेला, तो राहिला. मागं सुकाणूपाशी उभं राहायची जागा सोडून खड्ड्याच्या दोन्ही भिंतींना आतून आधाराच्या पट्ट्या लावल्या आणि त्यांच्यावर फळी वरून सोडली. आत जाताना तिनं हवा दाबत असा आवाज काढला, फूऽऽप! जसा चांगल्या डब्याचं झाकण लावताना येतो. उचलायला बोटं घालायची दोन भोकं ठेवली होती. दोन्ही भिंतींशी सूतभर फट नाही. मी फोटो काढून दादांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला. आयुष्यातला पहिला.

मग बारा दिवस पाऊस पडला. फळी तिथंच.

जूनमधल्या एका रविवारी काकू आल्या. सोबत पोळी-भाजीचे डबे, थर्मास, दोन उशा आणि तोंडावर "यांच्यासाठी आलेय" असे भाव. मी हात देऊन त्यांना वर घेतलं. त्या दिवाणावर टेकल्या, पाय पसरले, उशी मागं सरकवली. काका सुकाणूपाशी उभे, श्वास रोखून. भूलतज्ज्ञाला श्वास रोखलेला मी पहिल्यांदा बघितला.

"बरं आहे," काकू म्हणाल्या.

काकांचा श्वास सुटला. "खरंच?"

"बरं आहे म्हटलं ना. पाय दुखत नाहीये." मग माझ्याकडं बघून, "हे निघतं ना रे? नाही, साफबिफ करायचं असलं तर?"

"एका बोटानं, काकू," मी म्हटलं. करून बघितलं नव्हतं.

काकांनी खुशीत इंजिन चालू केलं आणि आम्ही धक्क्यावरून निघालो. आता इथं एक गोष्ट सांगतो. बोटीचं इंजिन तळ्याचंच पाणी आत ओढून गार राहतं. त्या पाण्याचा एक नळ असतो. काका शिस्तीचे, बोट सोडताना दर वेळी नळ बंद करायचे आणि निघायच्या आधी तळाचं झाकण उचलून तो उघडायचे. वीस वर्षांत एकदा विसरले नाहीत. पण वीस वर्षांत त्या झाकणावर कधी फळी नव्हती, आणि फळीवर काकू नव्हत्या.

मरीनाच्या, म्हणजे बोटींच्या छोट्या बंदराच्या, बाहेर जायला दोन दगडी भिंतींमधून अरुंद वाट आहे. आम्ही बरोबर तिच्या मधे होतो तेव्हा काकूंनी फळीवरून हात फिरवला. मग परत फिरवला. मग एके ठिकाणी थांबवला.

"अहो."

"हं?"

"हा कुकरचा डाग आहे."

काका समोर बघत राहिले.

"हा माझ्या कुकरचा डाग आहे. हे माझं टेबल आहे! तुम्ही माझं टेबल कापलंत?"

"बेसमेंटमध्ये—"

"बेसमेंटमध्ये होतं म्हणजे माझं नव्हतं? या टेबलावर मी अख्ख्या मिशिगनच्या मराठी लोकांना जेवायला घातलंय! घरं मिळेपर्यंत लोक आपल्याकडं राहायचे ना, ते याच्यावर जेवले!"

"सुमन, रिलॅक्स—"

आणि इंजिनचा अलार्म वाजला.

खरं सांगतो, मला आधी वाटलं काकूच वाजल्या. मग मागून वाफ दिसली. काकांनी झटकन इंजिन बंद केलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "नळ! नळ उघडायचा राहिला. पंकज, फळी काढ!"

मी दोन्ही भोकांत बोटं घातली आणि ओढलं. काही नाही. काकू बाजूच्या बाकावर सरकल्या. मी परत ओढलं, दोन पाय दोन बाकांवर, जसं विहिरीतून बादली काढतात. फळी ढिम्म. बारा दिवसांचं पाणी पिऊन माझं आरशासारखं काम दोन्ही भिंतींना असं चिकटलं होतं, की बोट उचलली गेली असती, फळी नाही.

"एका बोटानं ना रे?" काकू म्हणाल्या.

वारा हलका होता, पण होता. तो आम्हाला डावीकडच्या दगडांवर ढकलत होता, अगदी आरामात. काकांनी पुढचं शीड थोडं उघडलं म्हणजे बोटीला चाल राहील, आणि नांगर टाकायची वेळ आलीच तर कुणीतरी पुढं पाहिजे म्हणून स्वतः निघाले. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, दोन्ही हातांनी कठडा धरत.

"सुमन, दांडा धर!"

"मी?"

"मग कोण? पंकज फळी काढतोय!"

काकू उठल्या, मागच्या मोकळ्या भागात उभ्या राहिल्या आणि दांडा धरला. मी पिशवीतून पटाशी आणि हातोडी काढली. फळीच्या मधोमध लाकडाच्या रेषेवर पटाशी टेकवली. तिथं बरोबर कुकरचा डाग. आणि माझा हात थांबला. या फळीचा फोटो दादांकडं गेला होता. काकू आत्ताच टेबलासाठी रडायच्या बेतात होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं.

"काकू, हे फोडावं लागेल."

"बघतोस काय माझ्याकडं? फोड! पाणी पाहिजे ना इंजिनाला?"

"पण टेबल—"

"टेबलाचं मी घरी बघते, यांच्याशी. तू फोड!"

पुढून काका ओरडले, "दांडा डावीकडं ढकल म्हणजे बोट उजवीकडं जाईल!"

"म्हणजे उलटं?"

"हो, उलटं!"

"मग आधी सांगायचं," काकू दांडा रेटत म्हणाल्या. "पन्नास वर्षं तुमच्याशी संसार केलाय, उलटं कळतं मला."

मी हातोडी मारली. चौथ्या घावाला लाकूड कडाडलं आणि डागाच्या मधून सरळ चिरत गेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन्ही भिंतींवरचा ताण सुटला आणि अर्धी फळी खरंच हातात आली. एका बोटानं नाही, पण आली. मी झाकण उचललं, आत डोकं घातलं, नळ फिरवला. वर आलो तेव्हा दगड दिसले नाहीत. दगड मागं पडले होते. काकूंनी बोट वाटेच्या बरोबर मधून बाहेर काढली होती, आणि त्या उभ्या होत्या. ताठ. एक हात दांड्यावर, एक हात कमरेवर, मान पुढं.

"बर्फात गाडी घसरते तशीच आहे की ही," त्या म्हणाल्या. "घाबरून जोरात वळवायचं नाही. एवढंच."

काका नांगराची साखळी हातात घेऊन पुढून बघत राहिले. "सुमन, आता बस, पाय दुखेल."

"उभं राहिलं की दुखत नाही. बसलं की दुखतो. तीन डॉक्टरांना सांगून झालं, चौथे तुम्ही." मग थोडं थांबून, "वीस वर्षांत हा दांडा एकदा तरी हातात दिलात का मला? डबे दिलेत धरायला."

काका येऊन बाकावर बसले. खोलगट जागी. तो अख्खा रविवार त्यांनी थर्मासमधला चहा ओतला.

सोमवारी मी फळीचे दोन तुकडे घेऊन यार्डात गेलो. नोकरी गेली असं गृहीत धरून माझे रंधे पण पुसून ठेवले. हँकनं तुकडे बघितले, मापाची टेप लावली. वाळलेल्या लाकडाचं माप मी भिंतीवर लिहून ठेवलं होतं. फळी तीन सूत फुगली होती. त्यानं एक तुकडा उचलला, खाली ठेवला, परत उचलला. म्हणाला, "आता रिमूव्हेबल झालं." आणि चहा प्यायला गेला. बस. मी त्याची नक्कल करायला तोंड उघडलं आणि मिटलं. पाठीमागं सगळे वाट बघत होते, पण त्या दिवशी नाही जमलं.

त्या संध्याकाळी दादांना व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं सांगितलं. ते इतके हसले की फोन पडला. मग म्हणाले, "अरे बावळटा, पोस्टकार्ड जोडाला! जो जोड आयुष्यात उघडायचा नाही, त्याला. दार मी कधी घट्ट बसवलंय? पावसाळ्याची मोकळीक ठेवतोच ना? जे उघडायचं, त्याला श्वास घ्यायला जागा लागते भो."

तीस वर्षांचा झालो, आणि बापानं निम्मंच शिकवलं असं वाटत होतं. शिकवलं पूर्ण होतं. मी निम्म्यावरच नक्कल करायला उठलो होतो. तेव्हापासून कुठलंही काम घेतलं की मी आधी एकच प्रश्न विचारतो, हे उघडायचंय का? मंडळातल्या एका काकांनी परवा देव्हारा करून मागितला, त्यांनाही विचारलं. ते जरा दचकले.

टेंबे काकांच्या बोटीला बोर्ड लागला नाही. ऑगस्टपर्यंत दर रविवारी दोघं बाहेर. काठावरून दिसायचं, मागं पांढरी टोपी घालून उभी एक बाई, आणि पुढं कुठंतरी एक माणूस डबे सांभाळतोय. मुलगी बॉस्टनहून बघायला आली आणि म्हणाली, "मॉम, आर यू सीरियस?" काकूंनी तिला दोरी दिली ओढायला.

मागच्या आठवड्यात काकांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा, पण खाली थोडी तक्रार.

"पंकज, एक सीट करून दे रे."

"काकूंना?"

"मला. ती दांडा सोडत नाही, आणि त्या बाकावर बसून माझे गुडघे गेले. जरा उंच कर. उशी ठेवायला जागा ठेव."

मी माप घ्यायला गेलो. काका बाकावर बसले, मी खड्ड्याच्या तळापासून टेप वर नेली, पंधरा इंच, सोळा, सतरा. मागून काकूंनी दांड्यावरची बोटंही न हलवता सांगितलं,

"एवढं उंच नको. खाली बसव त्यांना. मला पुढचं दिसलं पाहिजे."